ऑटिझमवरील औषधे आणि उंदरांवरील प्रयोग: फ्रॅजाइल एक्सच्या चाचण्या का फसल्या?

रानकेवडा (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक बातमी फिरत आली: ऑटिझमवर औषध सापडले, प्रयोगातले उंदीर पूर्ण बरे झाले. माझ्या बहिणीच्या मुलाला फ्रॅजाइल एक्स हा जनुकीय विकार आहे आणि त्यामुळे ऑटिझमही आहे. तो आता तेरा वर्षांचा आहे. बातमी वाचून बहिणीने रात्री अकरा वाजता फोन केला आणि म्हणाली, "तू विज्ञान शिकवतेस ना, हे खरे आहे का, एवढेच सांग." त्या रात्री मला धड उत्तर देता आले नाही. नंतर महिनाभर वाचन केले, आणि जे समजले ते इथे मांडते आहे, कारण हा फोन आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कधी ना कधी वाजलेला असणार.

ऑटिझम हे एका आजाराचे नाव नाही, त्यामागे शेकडो जनुके आणि अनेक कारणे असू शकतात, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेली औषधे दोनच आहेत: २००६ साली मान्यता मिळालेले रिस्पेरिडोन आणि २००९ सालचे ॲरिपिप्राझोल. दोन्ही औषधे चिडचिड, आक्रमकता आणि स्वतःला इजा करून घेणे यांवर दिली जातात. बोलणे, संवाद, इतरांत मिसळणे या मूळ अडचणींवर मान्यता मिळालेले औषध नाही.

मी फ्रॅजाइल एक्सबद्दलच लिहिणार आहे. त्याचे एक कारण घरचे आहे. दुसरे असे की ऑटिझमच्या ज्या एकजनुकीय कारणांचा शोध लागला आहे, त्यांत हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे, आणि प्रयोगशाळेतल्या उंदरापासून माणसांवरच्या मोठ्या चाचणीपर्यंतचा सगळा रस्ता इथे खरोखर चालून झालेला आहे.

एक्स गुणसूत्रावरील एफएमआर१ हे जनुक १९९१ साली सापडले. त्यात सीजीजी या डीएनएच्या तीन अक्षरांची पुनरावृत्ती असते. ती दोनशेच्या वर गेली की जनुक बंद पडते आणि एफएमआरपी नावाचे प्रथिन तयार होत नाही. १९९४ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममधील संशोधकांनी हे जनुक काढून टाकलेला उंदीर तयार केला. या उंदरांची पिल्ले मोठा आवाज ऐकताच झटके येऊन पडतात, आणि त्यांच्या चेतापेशींच्या फांद्यांवरील काटेरी उंचवटे संख्येने जास्त आणि अपरिपक्व असतात. माणसांच्या मेंदूतही हे उंचवटे तसेच दिसले होते, म्हणून या उंदरावर सर्वांचा विश्वास बसला.

एफएमआरपीचे काम समजायला मला शेताचे उदाहरण सोपे वाटते. चेतासंधीपाशी, म्हणजे दोन चेतापेशी जिथे जोडल्या जातात तिथे, एमग्लूआर-५ नावाचा ग्राही (संदेश टिपणारे प्रथिन) जागा झाला की तिथे नवी प्रथिने तयार होऊ लागतात. हे पाटाला पाणी सोडल्यासारखे आहे. एफएमआरपी म्हणजे दारे धरणारा माणूस: कोणत्या वाफ्यात किती पाणी जायचे ते पाहून तो बारे बंद करतो. तो माणूसच नसेल तर पाणी वाहतच राहते आणि पीक सडते. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाचे मार्क बेअर यांनी किंबर्ली ह्यूबर आणि स्टीफन वॉरन या संशोधकांसह २००४ साली हाच विचार सिद्धान्ताच्या रूपात मांडला. माणूस परत आणता येत नसेल तर वरून येणारे पाणीच कमी करावे, म्हणजे एमग्लूआर-५ दाबणारे औषध द्यावे, असे त्यातून ओघानेच आले.

२००७ साली बेअर यांच्या गटाने एमग्लूआर-५ चे प्रमाण जनुकीय उपायांनी निम्मे केलेले फ्रॅजाइल एक्सचे उंदीर तयार केले. त्यांतील झटके, वाढलेले प्रथिन-उत्पादन, फांद्यांवरील जादा उंचवटे असे बहुतेक दोष सुधारले. २०१२ साली त्याहून मोठी बातमी आली: हा ग्राही दाबणारे औषध वाढ झालेल्या उंदरांना काही आठवडे दिले तरी सुधारणा दिसली. विकार जन्मापासूनचा असला तरी वेळ निघून गेलेली नसते, असा अर्थ पालकांनी त्यातून काढला. माझ्या बहिणीनेही काढला होता. तेव्हा तिच्या मुलाचा जन्मही झालेला नव्हता, पण निदान झाल्यावर तिने सर्वांत आधी वाचलेला लेख याच संशोधनाचा होता.

मग एमग्लूआर-५ दाबणाऱ्या औषधांच्या माणसांवरच्या चाचण्या झाल्या. नोव्हार्टिसच्या मॅव्होग्लुरँटची चाचणी १७५ प्रौढ आणि १३९ किशोरवयीन रुग्णांवर बारा आठवडे चालली. रोशच्या बासिमग्लुरँटची चाचणी १८३ जणांवर झाली, तीही बारा आठवड्यांची. दोन्हींत औषधाची गोळी आणि औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी यांच्यात फरक दिसला नाही, आणि दोन्ही कंपन्यांनी २०१४ साली हे काम थांबवले. वेगळ्या मार्गाने काम करणारे आर्बाक्लोफेनही २०१३ साली याच वळणावर अडले.

माझे मत असे झाले आहे की उंदराने खोटे सांगितले नव्हते. त्याने चेतासंधीबद्दल सांगितले, आणि आपण त्यातून मुलाच्या बोलण्याबद्दलचे, शाळेबद्दलचे, घरातल्या दिवसाबद्दलचे उत्तर गृहीत धरले. उंदराच्या बाबतीत प्रथिन-उत्पादन आणि झटके मोजले होते. माणसांच्या चाचणीत मुख्य मोजमाप होते पालकांनी भरलेली वागणुकीची प्रश्नावली. त्या दोहोंच्या मध्ये जे अंतर आहे ते कोणी मोजलेच नव्हते. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणारे कोणी इथे असतील तर त्यांनी मला जरूर दुरुस्त करावे.

सोनचाफा

रानकेवडाताई, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मला एक प्रश्न बरेच दिवस छळतो आहे. इतके उंदीर मारून शेवटी हाती काही लागत नसेल तर हे प्रयोग करण्याचा अधिकार आपल्याला आहे का? अमेरिकेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढून टाकली, असे वाचले. मग मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूच्या ऊतींवरच हे काम का होऊ नये? माझी मुलगी ऑटिस्टिक आहे आणि घरातल्या मांजरीशिवाय तिला झोप येत नाही. तिच्यासाठीच्या औषधाकरिता प्राण्यांना वेदना द्याव्या लागतील, हे तिला कसे सांगायचे, ते मला सुचत नाही.

कावेरीकाठ

मी मूळची साताऱ्याची. बंगळूरला चेताविज्ञानात पीएच.डी. करते आहे आणि फ्रॅजाइल एक्सचे उंदीर रोज हाताळते. दोन्ही प्रश्नांना माझ्या परीने उत्तर देते. लांबेल, सांभाळून घ्यावे.

आधी ताईंच्या मुद्द्याबद्दल. उंदीर आणि माणूस यांच्यातील अंतर हे एक कारण आहेच. उंदरात आपण जनुक कापून काढतो. माणसात जनुक जागेवर असते, पण त्याला कुलूप लागलेले असते, आणि काही पुरुषांत ते कुलूप अर्धवटच लागलेले असते. मात्र उंदराच्या आतसुद्धा गोष्ट एकसारखी नाही, आणि हे आमच्या बंगळूरच्या कामातूनच पुढे आले. एनसीबीएस या संस्थेतील सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने मेंदूतील स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसऐवजी अमिग्डालाकडे पाहिले, म्हणजे भीती आणि चिंता यांच्याशी निगडित असलेल्या भागाकडे. हिप्पोकॅम्पसमध्ये एमग्लूआर-५ चे काम अति होते; अमिग्डालामध्ये मात्र चेतासंधी दुबळ्या आढळल्या. २०१० साली हे उंदरांत दिसले. २०२१ साली त्यांनी फ्रॅजाइल एक्सच्या मोठ्या उंदरांत, म्हणजे आपण घुशीएवढे म्हणतो त्या रॅटमध्ये, भीतीशी संबंधित शिकण्यातला दोष अमिग्डालातील हेच ग्राही औषधाने उत्तेजित करून सुधारला. याचा अर्थ लक्षात घ्या: मेंदूच्या एका भागात जो ग्राही दाबायला हवा, तोच दुसऱ्या भागात चेतवायला हवा. तोंडावाटे घेतलेली गोळी मेंदूभर पोहोचते. तिला वाफे ओळखता येत नाहीत.

दुसरी बाब सवयीची. बेअर यांच्याच प्रयोगशाळेने २०२० साली प्रसिद्ध केले की एमग्लूआर-५ दाबणारे औषध उंदरांना पुनःपुन्हा दिले तर काही परिणाम ओसरतात. एका मात्रेने जे दिसते ते रोजच्या मात्रेत टिकतेच असे नाही. हे माणसांवरील चाचण्यांच्या आधी कळले असते तर चाचणीची आखणी कदाचित वेगळी झाली असती. स्वतःच्या सिद्धान्तावर बांधलेले औषध का चालले नाही, याचा शोध त्याच प्रयोगशाळेने प्राण्यांकडे परत जाऊन घेतला, याचे मला मोल वाटते.

तिसरी बाब वयाची. एडिंबरा आणि बंगळूर येथील संशोधकांनी २०१९ साली फ्रॅजाइल एक्सच्या रॅटना लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलवरचे जुने औषध वयाच्या चौथ्या आठवड्यापासून पाच आठवडेच दिले. एखादी वस्तू कुठे आणि कोणत्या परिसरात पाहिली हे लक्षात ठेवण्याची क्षमता या रॅटमध्ये एरवी विकसितच होत नाही. औषध मिळालेल्यांत ती विकसित झाली आणि औषध बंद केल्यावर काही महिन्यांनीही टिकली. मोठ्यांवर फसलेले औषध योग्य वयात दिले तर काय होईल, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. पण इथेही घाई नको. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांना लोव्हास्टॅटिन आणि भाषेचे प्रशिक्षण एकत्र देऊन चाचणी झाली; औषध मिळालेली आणि न मिळालेली, दोन्ही गटांतली मुले सुधारली आणि गटांत फरक राहिला नाही. मॅव्होग्लुरँटही पुढे अगदी लहान मुलांना भाषा-प्रशिक्षणासोबत देऊन पाहिले गेले. त्यातही औषधाचा वेगळा लाभ दिसला नाही.

आता सोनचाफाताईंचा प्रश्न. मानवी पेशींपासून वाढवलेल्या ऊतींवर आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेत काम चालते आणि ते मोलाचे आहे. फ्रॅजाइल एक्समधले जनुकाचे कुलूप अभ्यासायचे तर मानवी पेशीच हव्यात, उंदीर तिथे उपयोगाचा नाही. पण बशीतली ऊती घाबरत नाही, झोपत नाही, आईपासून दूर केल्यावर आवाज काढत नाही. वागणूक हा प्रश्न असेल तर वागणारा जीव लागतो. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक संस्थेत प्राणी नैतिकता समिती असते आणि किती प्राणी, कशासाठी, वेदना कशी टाळणार, याची मंजुरी तिच्याकडून घ्यावी लागते. मंजुरी मिळाली म्हणून मन मोकळे होते असे नाही. मी प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी वहीत संख्या लिहिते, आणि ती संख्या कमीत कमी असावी यासाठी प्रयोग अधिक काटेकोर आखायला शिकले आहे. वाईट आखलेला प्रयोग हा माझ्या मते प्राण्यांचा खरा अपमान आहे: त्यात जीवही जातो आणि उत्तरही मिळत नाही.

आणखी एक सांगते. उंदराने लाकडाच्या भुश्यात गोट्या पुरल्या की काही लेखांत त्याला "ऑटिझमसारखी पुनरावृत्तीची वागणूक" म्हटले जाते. मला हे पटत नाही. उंदीर उकरतो, तो त्याचा स्वभाव आहे. औषध दिल्यावर गोट्या पुरणे कमी झाले, तर तो फक्त सुस्तावलेला असण्याचीही शक्यता असते. बातमीत "उंदरांचा ऑटिझम बरा झाला" असे दिसले की नेमके काय मोजले होते, ते शोधून वाचावे.

दूरदेशी

आम्ही अमेरिकेत राहतो. माझ्या मुलाला फ्रॅजाइल एक्स आहे आणि तो काही वर्षांपूर्वी एका औषधचाचणीत होता. कोणती चाचणी ते लिहीत नाही. इथे कोणावर दोष ठेवायचा नाही, फक्त अनुभव सांगायचा आहे.

दर काही आठवड्यांनी आम्ही प्रश्नावली भरायचो. दुसऱ्या महिन्यात मला वाटू लागले की तो माझ्या डोळ्यांत जास्त वेळ पाहतो, किराणा दुकानात कमी घाबरतो. मी तसे लिहिले. मिस्टरांना फोनवर सांगताना रडले. त्या काळात मी त्याला दुकानात जास्त वेळा नेऊ लागले, त्याच्याशी अधिक सावकाश बोलू लागले, कारण आता जमेल असा विश्वास होता. चाचणी संपल्यावर काही काळाने कळवण्यात आले की त्याला औषध मिळालेच नव्हते.

मी खोटे लिहिले नव्हते. बदल खरा होता की मला दिसत होता, हे आजही मला सांगता येत नाही. पण माझ्यासारख्या शेकडो आयांच्या प्रश्नावलींवर औषधाचा निकाल अवलंबून असेल तर खरे काम करणारे औषधही त्या आशेखाली दबून जाऊ शकते, हे मला पटले आहे. उंदराला आशा नसते, आणि त्याच्या आईलाही नसते. हा फरक कोणत्या आलेखात मांडतात, मला ठाऊक नाही.

निळीशाई

मी एकतिसाव्या वर्षी निदान झालेली ऑटिस्टिक स्त्री आहे. चर्चा आदराने चालली आहे म्हणून लिहिते. "मूळ लक्षणांवर औषध नाही" हे वाक्य धाग्यात उणीव म्हणून आले आहे. माझ्या बाबतीत मी कमी लोकांत मिसळते ही उणीव नाही. मला त्रास होतो तो लोकलमधल्या आवाजाचा, झोप न लागण्याचा आणि पोटाच्या तक्रारींचा. संशोधकांनी लक्ष्य ठरवताना आम्हालाही विचारावे. उंदराला रिकाम्या पेटीपेक्षा दुसऱ्या उंदराची पेटी आवडते की नाही हे मोजून औषध ठरवणार असाल, तर ज्याला रिकामी पेटी मनापासून आवडते त्याचे काय, हा प्रश्न मी गंभीरपणे विचारते आहे. ज्या मुलांना बोलता येत नाही आणि ज्यांना झटके येतात, त्यांच्या आईवडिलांच्या गरजेबद्दल मी काहीही नाकारत नाही.

रानकेवडा

निळीशाई, तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि "मूळ अडचणी" हा शब्द मी पुढे जपून वापरीन. माझ्या भाच्याला विचारले तर तोही बहुधा आवाजाचेच नाव घेईल. मिक्सर सुरू झाला की तो दोन्ही कान दाबून गच्चीवर जातो. तुम्ही म्हणता त्याला आधार देणारी गोष्ट अशी की आवाज सहन न होणे हे फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांत आणि माणसांत सारख्याच स्पष्टपणे दिसते आणि मेंदूच्या विद्युतलहरींवर मोजताही येते. उंदराला खरोखर विचारता येतील असे प्रश्न हेच आहेत.

दूरदेशीताई, तुमचा प्रतिसाद मी बहिणीला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती.

निराशेच्या बरोबरीने दोन गोष्टी नोंदवते. रेट सिंड्रोम हा विकार पूर्वी ऑटिझमच्याच गटात धरला जात असे. एडिंबराचे एड्रियन बर्ड यांनी २००७ साली आजारी उंदरांत बंद असलेले एमईसीपी२ जनुक पुन्हा सुरू केले आणि लक्षणे दिसत असलेले उंदीर सावरले. पुढे मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत ट्रोफिनेटाइड हे रेटवरचे पहिले औषध मान्य झाले. त्याची मुख्य चाचणी १८७ मुली आणि तरुणींवर झाली, परिणाम माफक आहे, जुलाबाचा त्रास बहुतेकींना होतो आणि किंमत सामान्य घराच्या आवाक्यापलीकडची आहे. तरीही उंदरापासून औषधाच्या दुकानापर्यंत ही वाट एकदा पुरी झाली आहे.

दुसरी गोष्ट शिकागोच्या डॉ. एलिझाबेथ बेरी-क्राव्हिस यांची. त्यांना फ्रॅजाइल एक्सच्या रुग्णांच्या रक्तपेशींत सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत संदेश पोहोचवणारा पदार्थ कमी असल्याचे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसले होते. नंतर फळमाश्यांत आणि उंदरांत तेच आढळले, आणि तो पदार्थ टिकवून धरणारे औषध उंदरांवर तपासले गेले. २०२१ साली ३० प्रौढ पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात आळीपाळीने बारा आठवडे औषध आणि बारा आठवडे नकली गोळी दिली होती, आणि टॅबलेट संगणकावर घेतलेल्या शब्द व चित्र ओळखण्याच्या कसोट्यांत औषधाच्या काळात गुण वाढले. चाचणी लहान आहे, पण यात मोजले गेले ते रुग्णाने स्वतः केलेले काम. शिवाय इथे सुरुवात रुग्णापासून झाली आणि उंदीर मधल्या टप्प्यावर आला. मला हा क्रम जास्त विश्वासार्ह वाटतो.

अनवट

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला मूलपेशींचे इंजेक्शन घ्यायला सांगितले आहे. "परदेशात प्राण्यांवर यशस्वी झाले आहे," असे त्यांना सांगितले गेले. दागिने मोडायची तयारी चालली आहे. काय सांगू त्यांना?

हिरडा

मी बालरोगतज्ज्ञ आहे. अनवट, त्यांना आजच थांबवा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसाठी मूलपेशी हा मान्य उपचार नाही. तो फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले जात असतील तर तेवढ्यावरूनच ओळखावे. या धाग्यावर आपण पाहिले की वर्षानुवर्षे तपासलेले, उंदरांत स्पष्ट परिणाम दाखवलेले औषधही माणसांत टिकले नाही. मग "प्राण्यांवर यशस्वी" या दोन शब्दांवर घरातले सोने कसे मोडायचे?

सोनचाफा

डॉक्टर, एक घरगुती शंका. माझ्या मुलीच्या निदानाच्या वेळी जनुकांची मोठी तपासणी केली होती, तिला एक्झोम म्हणतात. ती निर्दोष आली. म्हणजे फ्रॅजाइल एक्स नाही, असे समजायचे ना?

हिरडा

नाही, तसे समजू नका. एक्झोम किंवा मायक्रोअरे तपासणीत सीजीजीची पुनरावृत्ती सहसा पकडली जात नाही. त्यासाठी फ्रॅजाइल एक्सची वेगळी डीएनए तपासणी रक्तावर करावी लागते आणि ती नाव घेऊन सांगावी लागते. मुलींत दुसरे एक्स गुणसूत्र असल्यामुळे लक्षणे सौम्य असू शकतात, म्हणून त्यांची तपासणी राहून जाते. घरातला इतिहासही विचारा. ५५ ते २०० पुनरावृत्ती असलेल्या स्त्रियांत मासिक पाळी चाळिशीच्या आत कायमची थांबू शकते, आणि तितक्याच पुनरावृत्ती असलेल्या काही पुरुषांचे उतारवयात हात कापू लागतात, तोल जाऊ लागतो. असा पुरुष ते जनुक आपल्या प्रत्येक मुलीला देतो, पण एकाही मुलाला देत नाही.

सोनचाफा

माझ्या वडिलांचे हात गेली सहा वर्षे कापतात. आम्ही वयाचे म्हणून सोडून दिले होते. सोमवारी मुलीला आणि मला, दोघींना तपासणीसाठी घेऊन जाते. धाकट्या बहिणीलाही आज रात्री फोन करते. तिचे लग्न पुढच्या वर्षी आहे.